पाटी मटणाची की माणसाची?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. पाथर्डीच्या न्यायालयाच्या आवारात एक ऊसतोड मजूर मावशी मला भेटायला आली. नातीच्या बारशाला आणलेल्या मटणाने घरातल्या पाच माणसांना उलट्या-जुलाब झाले होते. दवाखान्यात पैसा गेला होता, मजुरी बुडाली होती. दुकानदारावर काही करता येईल का, असे तिचे विचारणे होते.

मी विचारले, "मावशी, पावती आहे का?"

"मटणाची पावती कोण देतं साहेब?"

"बोकड होता की मेंढी?"

"बोकडाचंच हाय म्हनला तो."

"कापून किती वेळ झाला होता? धडावर डॉक्टरचा शिक्का होता का? वजन तुमच्यासमोर केलं का?"

मावशीने नकारार्थी मान हलवली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "साहेब, दुकान त्या लोकांचं होतं. आमच्या गावातली पोरं म्हनत्यात, त्यांच्याकडनं घेऊच नका."

सातशे-आठशे रुपये किलोचा माल तिने घेतला. पण त्या मालाबद्दल तिला एकही गोष्ट सांगता आली नाही. दुकानदाराचा धर्म मात्र तिला पक्का ठाऊक होता. कायद्याच्या दृष्टीने जी माहिती हवी होती ती तिच्याजवळ नव्हती, आणि जी माहिती होती तिचा उलटी-जुलाबाशी काडीचा संबंध नव्हता. यात त्या मावशीचा दोष नाही. मांस विकत घेताना काय पाहावे हे तिला कोणी शिकवलेच नाही, आणि कोणाचे दुकान आहे हे पाहायला शिकवणारे मात्र गावोगाव फिरत आहेत.

मांस घेताना आपला माणूस नेमके काय वाचतो, याचा विचार आपण कधी केलेला नाही. शहरातल्या मॉलमध्ये काचेच्या फ्रीजमधले पाकीट उचलणारा ग्राहक तारीख पाहतो, भाव पाहतो आणि पाकीट टोपलीत टाकतो. आमच्या तालुक्याच्या गावी पाकीट नसते. तिथे धड टांगलेले असते आणि गिऱ्हाईक त्या धडावरच्या खुणा वाचत असते. शेपूट ठेवलेली असते, कारण शेपटीवरून शेळी की मेंढी ते कळते. नराची खूण ठेवलेली असते, कारण गिऱ्हाइकाला बोकड हवा असतो. जुनी जाणती माणसे मांसाचा रंग पाहतात, चरबी पाहतात, बोटाने दाबून पाहतात, ठोकळा आणि सत्तूर धुतलेला आहे का ते पाहतात. हीसुद्धा एक प्रकारची पाटीच आहे. अक्षरओळख नसलेल्या आपल्या आज्यांनी ती पिढ्यान् पिढ्या वाचली. त्या पाटीवर मालाची माहिती होती. कापणाऱ्याची जात-पात तिच्यावर लिहिलेली नव्हती.

आता नवी पाटी आली आहे. मार्च २०२५ मध्ये राज्याचे मत्स्यव्यवसाय व बंदरे मंत्री नितेश राणे यांनी 'मल्हार प्रमाणपत्र' नावाची गोष्ट जाहीर केली. झटका पद्धतीचे मटण विकणाऱ्या हिंदू दुकानदारांना हे प्रमाणपत्र मिळणार, आणि हिंदूंनी त्याच दुकानांतून मटण घ्यावे, असे आवाहन करण्यात आले. त्यासाठी जे संकेतस्थळ काढले त्यावर हे मटण फक्त हिंदू खाटीक समाजाच्या विक्रेत्यांकडे मिळेल असे सांगितले होते. शिवाय ते ताजे असेल, स्वच्छ असेल आणि लाळेपासून मुक्त असेल, असाही दावा होता.

लाळेपासून मुक्त! हा शब्द वाचला आणि मला पेशवाईतले पुणे आठवले. महार माणसाची थुंकी रस्त्यावर पडून वरच्या जातीचा पाय बाटू नये म्हणून त्याच्या गळ्यात मडके बांधण्याचा नियम होता. परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ साली जातिसंस्थेच्या उच्छेदावर जे भाषण लिहिले त्यात याचा उल्लेख आहे. ते मडके म्हणजे माणसाच्या गळ्यात अडकवलेली पाटीच होती. या माणसाची लाळ घाण आहे, एवढीच माहिती त्या पाटीवर होती. दोनशे वर्षांनी तीच पाटी दुसऱ्या समाजाच्या गळ्यात अडकवली जात आहे. जुन्या मडक्याची घाण ज्यांनी पिढ्यान् पिढ्या सोसली, त्या आपल्या समाजाने ती लांबूनही ओळखली पाहिजे.

या प्रमाणपत्रातून गिऱ्हाइकाला काय कळते ते तपासून पाहू. जनावर निरोगी होते की रोगी, ते कळत नाही. कापण्यापूर्वी पशुवैद्यकाने पाहिले की नाही, ते कळत नाही. मटण सकाळचे की कालचे, बोकडाचे की म्हाताऱ्या मेंढीचे, तराजूवर वजनमापे खात्याचा शिक्का आहे की नाही, यातले काहीही कळत नाही. ताजे आणि स्वच्छ असे शब्द आहेत, पण ते कोण आणि कशाच्या आधारे तपासणार? अन्नाची सुरक्षितता तपासण्याचे काम २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने सरकारी यंत्रणेकडे दिले आहे. २०११ पासून तो कायदा देशभर लागू आहे. त्या कायद्यात दुकानदाराच्या धर्माचा रकाना नाही. अशा खासगी प्रमाणपत्राला त्या कायद्याचे कोणतेही पाठबळ नाही. मंत्र्याने जाहीर केले म्हणून खासगी पाटी सरकारी होत नाही.

हे आपल्यापासून दूरचे आहे असे पाथर्डीकरांनी समजू नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्याच तालुक्यातल्या मढी गावच्या ग्रामसभेत कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकाने लावू देऊ नयेत असा ठराव झाला. कारण सांगितले गेले रूढी-परंपरांचे. त्या ठरावाची प्रशासनाला चौकशी करावी लागली. पुढच्याच महिन्यात मटणाच्या दुकानांची नवी पाटी आली. मढीला भटक्यांची पंढरी म्हणतात. गोपाळ, कैकाडी, वैदू, वडार अशा कितीतरी जमाती होळीपासून पाडव्यापर्यंत तिथे येतात. गाढवांचा बाजार भरतो. ज्या लोकांना गावाने कधी वेशीच्या आत घेतले नाही, इंग्रजांनी ज्यांना जन्मतःच गुन्हेगार अशी पाटी लावली, त्यांची ही यात्रा आहे. अशा जागी कोण विकणार आणि कोण नाही हे जन्मावरून ठरू लागले, तर उद्या ती वेळ कोणावर येईल हे सांगायला ज्योतिषी नको. आणि ग्रामसभा ही चार मित्रांची बैठक नव्हे. ती कायद्याने निर्माण झालेली सभा आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ ने धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला राज्यसंस्थेला मनाई केलेली आहे, आणि गावची पंचायत हीसुद्धा राज्यसंस्थेचाच भाग आहे.

काही मंडळी म्हणतील, वकीलसाहेब, गिऱ्हाइकाने कुठून घ्यायचे हा त्याचा प्रश्न आहे. बरोबर आहे. कोणी कोणाच्या दुकानातून मटण घ्यावे यासाठी कायदा नाही आणि नसावाही. प्रश्न एवढाच आहे की, गिऱ्हाइकाला माहिती देण्याच्या नावाखाली नेमकी कोणती माहिती पुढे केली जाते आणि कोणती झाकली जाते.

याचा निवाडा देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेला आहे. २०२४ च्या कावड यात्रेच्या वेळी उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडमधल्या पोलिसांनी रस्त्यावरच्या खाणावळींना मालकांची नावे लावायला सांगितले. नाव कळले की धर्म कळतो, जात कळते, हा त्यातला हेतू शेंबड्या पोरालाही कळण्यासारखा होता. २२ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या आदेशांना अंतरिम स्थगिती दिली. खाणावळवाल्याने आपल्याकडे कोणते अन्न मिळते, शाकाहारी की मांसाहारी, ते सांगावे. मालकाचे वा नोकराचे नाव लावायची सक्ती त्याच्यावर करता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. पुढच्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, हाच वाद पुन्हा आला तेव्हा कायद्याने आवश्यक असलेला परवाना व नोंदणी प्रमाणपत्र सर्वांनी लावावे, असे न्यायालयाने म्हटले. हे दोन्ही आदेश एकत्र वाचले पाहिजेत. अन्न कोणते ते सांगा आणि परवाना दाखवा, एवढी सक्ती करता येते. त्यापुढे जाऊन माणसाचे नाव उघडे करायची सक्ती २०२४ च्या आदेशाने रोखली. मालाची पाटी आणि माणसाची पाटी यांतला फरक यापेक्षा सोपा करून सांगता येणार नाही.

दुसरा आक्षेप असा येतो की, मुसलमानांचे हलाल चालते, मग हिंदूंचे मल्हार का नको? हा प्रश्न टाळून चालणार नाही. हलाल किंवा झटका हे जनावर कापण्याच्या रीतीचे शब्द आहेत. मुसलमानाला हलाल हवे असेल आणि शिखाला झटका हवा असेल, तर तसे विचारण्याचा व तसे सांगणारी पाटी वाचण्याचा त्याला अधिकार आहे. पण हलालच्या दाखल्यावर कोणी म्हणत असेल की इतरांच्या हातचे अन्न मुळातच गलिच्छ असते, तर त्यालाही आमचा तेवढाच विरोध राहील. हलालच्या व्यवहारात दाखले देणाऱ्या संस्थांची मक्तेदारी होत असेल तर तिच्यावर सरकारने नियम करावेत. निर्यातीच्या मांसाबाबत केंद्राने २०२३ मध्ये तसे नियम केलेही. झटक्याची पाटी ज्याला लावायची त्याने खुशाल लावावी. आमचा आक्षेप झटक्याला नाही. विक्रेता कोणत्या पोटी जन्मला त्यावरून मटणाची शुद्धता ठरवण्याला आमचा आक्षेप आहे.

आणि हिंदू खाटकाचा एवढा कळवळा आज ज्यांना आला आहे त्यांना विचारले पाहिजे की, हा खाटीक आजवर तुमचा कोण होता? महाराष्ट्रात खाटीक जात अनुसूचित जातींच्या यादीत आहे. त्याच्या हातचे मटण चालले, पण त्याच्या हातचे पाणी चालले का? त्याची पोरगी सून म्हणून चालली का? दुसऱ्या समाजाचा धंदा बुडवण्यासाठी आज त्याला हिंदू म्हणून पुढे करायचे आणि काम झाले की पुन्हा वेशीवर बसवायचे, हा खेळ बहुजनांनी पुष्कळ वेळा पाहिलेला आहे.

आमच्याकडची जुनी रीत काय होती? कंदुरीचा नवस फेडायचा तर मराठ्याच्या, धनगराच्या, वंजाऱ्याच्या घरीही बोकड कापायला मुलाणी बोलावला जाई. गावगाड्यात मुलाणी हा बलुतेदार होता. त्याला त्याचे बलुते मिळे. त्या गावगाड्याचे गोडवे मी गाणार नाही. आपल्या वाट्याला त्यात मेलेली ढोरे ओढणेच आले. सांगायचे एवढेच की, मुलाण्याच्या हाताने धर्म बुडतो हा शोध जुना नाही, तो अलीकडे लावलेला आहे. आणि धंद्याची साखळीही एकमेकांत गुंतलेली आहे. शेळी सांभाळते कोण? आपली भूमिहीन बाई, धनगर, वंजारी. बाजारात ती घेतो कोण? बहुतेक वेळा कुरेशी किंवा खाटीक. २०२५ च्या पावसाळ्यात कुरेशी समाजाने गोरक्षकांच्या जाचाला कंटाळून राज्यात जनावरांची खरेदी-विक्री बंद ठेवली, तेव्हा बाजारात आणलेली जनावरे शेतकऱ्यांना परत न्यावी लागली. एका कडीवर घाव घातला की साखळी सगळ्यांचीच तुटते.

आता आपल्या घरातले उदाहरण सांगतो. ओळखीच्या एका बौद्ध तरुणाने चिकन सेंटर काढले. पाटी रंगवायची वेळ आली तेव्हा मित्रांनीच सल्ला दिला, आडनाव टाकू नको, गिऱ्हाईक तुटेल. त्याने मुलीचे नाव टाकले. दुकान स्वच्छ आहे, पाणी उकळते ठेवतो, काटा शिक्क्याचा आहे, अन्न खात्याची नोंदणी भिंतीवर लावलेली आहे. तरी आडनाव लपवावे लागते. मल्हारचा गाजावाजा झाला तेव्हा त्याने मला विचारले, "दादा, आपल्याला मिळंल का तो दाखला?" मी म्हणालो, "अरे, तो हिंदू विक्रेत्यांसाठी आहे. आपण १९५६ साली तो धर्म सोडला. तुझं दुकान कितीही स्वच्छ असलं तरी त्या पाटीत तुला जागा नाही." जी पाटी आज मुसलमानाला बाहेर काढते तिने बौद्धाला आधीच बाहेर ठेवलेले आहे, हे आपल्या किती लोकांच्या ध्यानात आले?

ही पाटी कोणालाही सोडत नाही. २०१७ साली पुण्यात हवामान खात्यातल्या एका वरिष्ठ अधिकारी बाईंनी स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. तक्रार काय, तर तिने ब्राह्मण असल्याचे सांगून आमच्याकडे सोवळ्याचा स्वयंपाक केला. ती स्वयंपाकीण मराठा समाजाची होती. स्वयंपाक बिघडला होता असे त्या तक्रारीत नव्हते. पाटी चुकीची निघाली, एवढाच गुन्हा! २०२१ च्या डिसेंबरमध्ये उत्तराखंडमधल्या सुखीढांग येथील शाळेत दलित भोजनमातेने शिजवलेले अन्न सवर्ण मुलांनी नाकारले. तिथेही भात कच्चा नव्हता. जे आज मुसलमानाच्या सत्तुराला नाके मुरडतात त्यांनी लक्षात ठेवावे, या शिडीवर प्रत्येकाच्या वर कोणीतरी बसलेलाच आहे.

याचे मूळ कुठे आहे? मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात कोणाकोणाचे अन्न खाऊ नये याची यादीच आहे. त्यात सुतार आहे, लोहार आहे, सोनार आहे, शिंपी आहे, धोबी आहे, रोग बरा करणारा वैद्यसुद्धा आहे. अन्न ताजे आहे का, शिजलेले आहे का, यावर या यादीचा मुख्य भर नाही. देणारा कोण, हा प्रश्न आहे. याच्या उलट तथागतांचे चरित्र पाहा. त्यांचे शेवटचे भोजन झाले ते पावा येथील चुंदाच्या घरी, आणि हा चुंद लोहार होता. मनू ज्याचे अन्न निषिद्ध ठरवतो त्याच्या घरी भगवान बुद्ध जेवले. ते अन्न त्यांना बाधले. तेव्हा त्यांनी काय केले? उरलेले अन्न पुरून टाकायला सांगितले, आणि चुंदाला कोणी दोष देऊ नये, त्याच्या मनाला टोचणी लागू नये, अशी काळजी आनंदाला घ्यायला सांगितली. अन्नाचा बंदोबस्त केला आणि माणसाला जपले. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा विवेक आजच्या मंत्र्यांना पेलत नाही.

बाबासाहेबांनीही आपल्याला मांसाबद्दल प्रश्न विचारायला शिकवले. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत पाण्याच्या हक्काबरोबरच त्यांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा असे समाजाला सांगितले. आपल्या लोकांनी ते ऐकले. उपाशी राहिले पण मृतमांस सोडले. गावाने मारहाण केली, बहिष्कार टाकला, तरी सोडले. नीट विचार करा, तो प्रश्न कोणता होता? जनावर कसे मेले, हा तो प्रश्न होता. आज पशुवैद्यक कत्तलीपूर्वी जनावर जिवंत आणि निरोगी आहे का हे तपासतो, तो हाच प्रश्न आहे. बाबासाहेबांनी मांसाची चौकशी करायला सांगितली. कापणाऱ्याच्या जातीची चौकशी हे मनूचे काम आहे. या दोन चौकश्यांपैकी कोणती करायची, हे प्रत्येक बौद्ध कुटुंबाने दुकानाच्या दारात उभे राहून ठरवायचे आहे.

म्हणून आता कामाचे बोलू. गिऱ्हाइकाला कायद्याने काय मिळालेले आहे ते आपल्या बायाबापड्यांना समजावून सांगितले पाहिजे.

मांस विकणाऱ्या प्रत्येकाकडे अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना लागतो. तो छोटा असो की मोठा. त्याचा चौदा आकडी क्रमांक दुकानात दिसेल असा लावलेला असला पाहिजे, आणि १ जानेवारी २०२२ पासून तो पावतीवरही छापावा लागतो. नगरपरिषदेच्या हद्दीत मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर शेळ्या-मेंढ्या कापता येत नाहीत, असे २००१ चे केंद्राचे कत्तलखाना नियम सांगतात. गाभण जनावर, तीन महिन्यांच्या आतले पिल्लू किंवा तेवढे लहान पिल्लू असलेली आई कापायला बंदी आहे. तपासणी नावापुरती होऊ नये म्हणून एका पशुवैद्यकाने तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरे तपासू नयेत, असेही त्या नियमांत आहे. आपल्या गावात कत्तलखाना आहे का, त्याला पशुवैद्यक नेमलेला आहे का, किती दुकानांची नोंदणी आहे, हे विचारायला माहितीच्या अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज पुरतो. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला ते दहा रुपयेही लागत नाहीत.

पाकिटातले मांस घेणाऱ्याने त्यावर तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण आहे का पाहावे. ती मांसाहाराची खूण आहे. पॅकिंगची तारीख, किती तारखेपर्यंत वापरायचे ती तारीख, निव्वळ वजन, किंमत आणि चौदा आकडी क्रमांक पाहावा. गोठवलेले मांस उणे १८ अंशांत ठेवावे लागते. पाकिटात पाणी साठून पुन्हा बर्फ झालेला दिसला तर ते घेऊ नये. इथे एक मोठी उणीव आहे. पाकिटावरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असली की कायद्याचे समाधान होते. मराठीची सक्ती नाही. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या मांसावर मराठीत माहिती नको का? मराठीच्या नावाने राजकारण करणाऱ्यांनी दुकानदारांचे धर्म शोधण्यापेक्षा ही मागणी दिल्लीत रेटावी.

आणखी एक गोष्ट कोणतीच पाटी सांगत नाही. कोंबड्यांच्या खाद्यात प्रतिजैविके घालतात. त्यातले कोलिस्टिन हे औषध माणसाचा जीव वाचवण्यासाठी अगदी शेवटी वापरायचे असते, म्हणून केंद्राने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांना ते देण्यावर बंदी घातली. तुमच्या-आमच्या पोराच्या ताटातल्या कोंबडीला काय दिले होते, ही माहिती हवी की विकणारा कोणत्या देवाला हात जोडतो, ही हवी?

बोकड म्हणून मेंढी विकली तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५० खाली पाच लाखांपर्यंत दंड आहे. केवळ नोंदणी असलेल्या छोट्या दुकानदाराला पंचवीस हजारांपर्यंत. कलम ४० प्रमाणे गिऱ्हाइकाला स्वतः फी भरून, दुकानदाराला घेतानाच तशी कल्पना देऊन, मालाची तपासणी करून घेता येते; दोष निघाला तर फी परत मिळते. खराब अन्नाने इजा झाली तर कलम ६५ खाली भरपाई आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मालाचा दर्जा, प्रमाण, शुद्धता आणि किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क ठरवलेला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी लागत नाही. १९१५ या क्रमांकावर फोन करूनही तक्रार नोंदवता येते. पण या सगळ्याला एक कागद लागतो, आणि तो म्हणजे पावती. त्या मावशीच्या प्रकरणात मला काही करता आले नाही ते त्या कागदावाचून.

तेव्हा आपल्या नगरपरिषदांकडे, ग्रामपंचायतींकडे एक साधी मागणी करू या. प्रत्येक मटण-चिकनच्या दुकानात मराठीत, ठळक अक्षरांत एक पाटी असावी. जनावर कोणते, कापले केव्हा, तपासले कोणी, भाव काय आणि नोंदणी क्रमांक किती, एवढ्या पाच गोष्टी तिच्यावर असाव्यात. सहावी नको. ही पाटी कुरेश्याच्या दुकानात असेल, खाटकाच्या असेल आणि आपल्या बौद्ध तरुणाच्याही असेल. जो ही पाटी खोटी लिहील त्याच्यावर कारवाई व्हावी, मग तो कोणाचाही असो.

विहारातल्या रविवारच्या बैठकीत या पाच गोष्टी आपल्या बायकांना आणि पोरांना शिकवा. वाचता येणाऱ्याने न येणाऱ्याला पाटी वाचून दाखवावी. दुकानात उभे राहून कोणी कानाशी लागून म्हणाले की हे त्या लोकांचे दुकान आहे, तर त्याला एवढेच सांगा, "भाऊ, मी मटण घ्यायला आलोय, सोयरीक करायला नाही." आपल्या गळ्यातले मडके बाबासाहेबांनी फोडले. ते कोणाच्याही गळ्यात पुन्हा बांधू न देणे हे आपले काम आहे.

जय भीम!